फ्लॅटमधल्या टेबलावरच्या सेटसाठी छोटा अँटेना कसा निवडायचा (ठाणे-नवी मुंबईच्या नवीन हॅम मंडळींसाठी)

हॅमचं म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आलं, कॉलसाइन म्हणजे हवेवरचं आपलं नाव मिळालं, टेबलावर वायरलेस सेट आणि पॉवर सप्लाय मांडून झाला, आणि मग सगळे एकच प्रश्न विचारतात की आता अँटेना कुठला घेऊ? इतक्या जणांना फोनवर तेच तेच सांगून झालंय की म्हटलं आता नीट लिहूनच टाकते. मी ठाण्यात मानपाड्याला राहते, सातवा मजला, गच्चीवर काही लावायला सोसायटीची परवानगी नाही, आणि तरी रोज संध्याकाळी व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) बोलणं होतं, त्यामुळे हे सगळं माझ्या खिडकीत करून बघितलेलं आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. फ्लॅटमध्ये अँटेना सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी जागा ठरवायची, मग त्या जागी अँटेनाच्या खाली काय असणार ते बघायचं, मग तिथपर्यंत केबल किती लागते ते मोजायचं, आणि या तिन्हींची उत्तरं आली की कुठला अँटेना घ्यायचा ते जवळजवळ आपोआप ठरतं. बहुतेक लोक उलटं करतात, म्हणजे ऑनलाइन जास्तीत जास्त डीबीआय (अँटेना एका दिशेला सिग्नल किती जोरात पाठवतो त्याचं, म्हणजे गेनचं माप) लिहिलेला अँटेना मागवतात आणि मग तो घरात कुठे ठेवू म्हणून फिरत बसतात.

ज्यांचं लायसन्स अजून व्हायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: एएसओसीची (अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर सर्टिफिकेटची) परीक्षा द्यावी लागते, वय किमान १२ पूर्ण हवं, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची भाषा) नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स आहे. व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन रिस्ट्रिक्टेडचे, व्हीयू२ चे जनरलचे. लायसन्स हातात येईपर्यंत सेट विकत घेऊ नका, नुसता घरात बाळगायलासुद्धा परवानगी लागते. आणि लायसन्स न लागणाऱ्या छोट्या वॉकीटॉकीला बाहेरचा मोठा अँटेना जोडायचा विचार करू नका, त्यांना सूट आहे ती कमी पॉवरच्या अटीवरच आहे.

इथे मी फक्त दोन बँडबद्दल, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांबद्दल बोलतेय कारण नवीन माणसाचा टेबलावरचा सेट ९० टक्के वेळा यातलाच असतो, टू मीटर म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सेव्हन्टी सेंटीमीटर म्हणजे ४३४ ते ४३८. एचएफचा (३० मेगाहर्ट्झच्या खालचा, खूप लांब) अँटेना फ्लॅटमध्ये बसवणं हा वेगळाच विषय आहे, तो इथे नको.

पायरी १: हँडी घेऊन घरभर फिरा

खरंच फिरा. हँडी म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, तो नसेल तर एखाद्या ओळखीच्या हॅमचा एका रविवारपुरता मागून घ्या, शक्यतो त्यालाच घरी बोलवा. दुसऱ्या कुणाला तरी १०-१५ किलोमीटरवरून कमी पॉवरवर बोलत राहायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक खिडकीत, गॅलरीत, बेडरूममध्ये उभं राहून ऐका. मुद्दाम कमजोर सिग्नल घ्यायचा, कारण जोरदार सिग्नल सगळीकडे सारखाच ऐकू येतो. काही स्वस्त हँडींवरची सिग्नलची पट्टी एक तर पूर्ण भरते नाहीतर रिकामी असते, तिच्यावर विसंबू नका, आवाजामागची खरखर कुठे कमी होते ते कानानेच ऐका.

माझ्याकडे एक खिडकी पूर्वेला आहे आणि एक पश्चिमेला. पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे, हिरवागार, बघायला सुंदर, पण त्या बाजूने बोरिवलीकडचं जे काही येतं ते बरंचसं डोंगर खातो. पूर्वेच्या खिडकीतून मात्र ऐरोलीचा मित्र स्पष्ट. दोन खिडक्यांमध्ये अंतर फक्त नऊ पावलांचं आणि फरक असा की एकीकडे त्याचे शब्द कळत नव्हते आणि दुसरीकडे मागे त्याच्या घरातला कुकर ऐकू येत होता. हा फरक कुठलाही अँटेना विकत घेऊन मिळाला नसता.

आपल्या भागाचा नकाशा डोक्यात ठेवा. घोडबंदर रोडवाल्यांना एका बाजूला येऊर आणि समोर टॉवर. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ इथल्यांना पूर्वेला पारसिकची रांग, त्यामुळे डोंबिवली-कल्याणचा माणूस सरळ रेषेत जवळ असूनसुद्धा डोंगरामागे जातो. वाशीवाल्यांचं नशीब चांगलं, पश्चिमेला खाडी मोकळी आहे, मानखुर्द-चेंबूरच्या बाजूला पाण्यावरून सरळ निघतं. खारघरला डोंगराच्या पायथ्याच्या सेक्टरमध्ये राहत असाल तर उत्तरेची आशा थोडी कमी ठेवा. टू मीटरचा सिग्नल डोंगराच्या कडेवरून थोडा वाकतो, सेव्हन्टी सेंटीमीटरचा त्याहून कमी वाकतो, पण तोच टॉवरांवर आपटून आपटून कधीकधी भलत्याच खिडकीतून आत येतो, म्हणून दोन्ही बँडवर ऐकून बघा.

आणखी एक, काचेवर उन्हासाठी आरशासारखी चमकणारी फिल्म लावलेली असेल तर तिच्यात बऱ्याचदा धातूचा थर असतो. अशा खिडकीत काच सरकवून आणि काच बंद करून दोन्ही ऐका.

पायरी २: लांबीचा हिशोब

हा हिशोब पाठच करून टाका. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये येते, म्हणजे १४५ ला साधारण २.०७ मीटर. पाव लांबीच्या (तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या) तारेच्या अँटेनासाठी ७१.५ ला मेगाहर्ट्झने भागा: १४५ ला ४९ सेंटीमीटर, ४३५ ला साडेसोळाच्या आसपास. छान योगायोग असा की ४३५ म्हणजे १४५ ची बरोबर तिप्पट, त्यामुळे टू मीटरची पाव लांबीची काडी सेव्हन्टी सेंटीमीटरवर पाऊण लांबीची होते आणि बऱ्यापैकी चालूनही जाते, फक्त तिथे तिचा सिग्नल आडवा जाण्याऐवजी बराचसा वर उचलला जातो.

आता यातून एक गोष्ट कळते. ४० सेंटीमीटरच्या काडीवर जर टू मीटरसाठी ७ किंवा ९ डीबीआय लिहिलेलं असेल तर ते शक्य नाही. ती पाव लांबीपेक्षाही आखूड काडी आहे, आत कॉइल घालून जुळवलेली. साधा अर्ध्या लांबीचा डायपोल मोकळ्या हवेत २.१५ डीबीआय देतो, हे मोजमाप लक्षात ठेवा आणि जाहिरातीतला आकडा त्याच्याशी ताडून बघा. कमी-जास्त गेन हा लांबीतून येतो, रंगातून किंवा किमतीतून नाही.

पायरी ३: अँटेनाखाली काय आहे?

नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात म्हणून इथे जरा वेळ घेते.

छोट्या अँटेनांचे आपल्या कामाचे दोन वर्ग आहेत. एक, ज्यांना खाली धातूचा पत्रा लागतो. गाडीच्या टपावर लावायचे चुंबकाच्या बुडाचे म्हणजे मॅग माउंटचे सगळे बहुतेक यातले. अँटेनाची काडी हा अर्धाच भाग, उरलेला अर्धा भाग म्हणजे खालचा पत्रा, तो नसेल तर उरलेल्या अर्ध्याचं काम केबलची जाळी करायला लागते, मग केबल स्वतःच अँटेना होते, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) बिघडतो, माइक हातात धरला की आवाजात गुरगुर येते, कॉम्प्युटरचे स्पीकर बोलायला लागतात. दुसरा वर्ग, ज्यांना पत्रा लागत नाही: अर्ध्या लांबीचे, जे-पोल, स्लिम जिम वगैरे.

माझा पहिला अँटेना मॅग माउंट होता. घरी आणला, स्लायडिंगच्या चौकटीवर ठेवला, तो चिकटलाच नाही कारण चौकट ॲल्युमिनियमची. मग ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर उभा केला, मीटर लावला तर एसडब्ल्यूआर ३ च्या वर. मी दुकानदाराला परत द्यायला निघाले होते. तेवढ्यात दिवाळीच्या फराळाला आणलेला १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा रिकामा दिसला, सासूबाईंना त्यात तांदूळ भरायचे होते, त्यांना म्हटलं एक तास द्या. डब्यावर अँटेना ठेवला आणि एसडब्ल्यूआर १.७ वर आला. तोच अँटेना, तीच केबल, तीच खिडकी. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं डबा, तांदळाला दुसरा आहे."

नंतर मी वागळे इस्टेटच्या बाजूला पत्रा कापून देणाऱ्याकडून दोन बाय दोन फुटांचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा आणला, कडा दुमडून घेतल्या म्हणजे हात कापत नाही, आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर बसवला, तेव्हा १.३ झाला. आदर्श हिशोबाने काडीपासून चहूबाजूंना पाव लांबी म्हणजे टू मीटरला अर्धा मीटर पत्रा हवा, पण घरात तेवढी जागा मिळत नाही आणि दोन फुटी पत्र्यावर काम छान चालतं. सेव्हन्टी सेंटीमीटरला तर डब्याचं झाकणसुद्धा पुरतं.

पत्रा निवडताना चुंबक सोबत न्या. स्वयंपाकघरातलं चांगलं स्टेनलेस स्टील, ताट, परात, यातल्या बऱ्याचशा भांड्यांना चुंबक चिकटत नाही. विजेच्या दृष्टीने ते चालेल, पण अँटेना वाऱ्याने पडेल. आणि पत्रा आणि चुंबकाच्या मध्ये जाड रबर, कापड, मॅट काही ठेवू नका, पातळ रंग असला तर हरकत नाही.

आता लोखंडी ग्रिलबद्दल. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक खिडकीला ग्रिल आहेच, आणि ती मित्रही होऊ शकते आणि शत्रूही. अँटेना ग्रिलच्या आत गजांना चिकटून उभा केला तर गज त्याचं ट्यूनिंग बिघडवतात, किमान अर्धा मीटर लांब ठेवा. पण ग्रिलच्या वरच्या पट्टीवर एल ब्रॅकेट लावून काडी ग्रिलच्या वर किंवा बाहेर काढली तर तीच ग्रिल खालच्या पत्र्याचं काम करते. ब्रॅकेट बसतो तिथला रंग कानशीने खरवडून चकचकीत धातू काढायचा, घट्ट आवळायचा, आणि वरून परत रंग मारायचा नाहीतर एका पावसाळ्यात गंज येतो.

हे काहीच जमत नसेल, भाड्याचं घर आहे, मालक खिळाही ठोकू देत नाही, तर माझं स्पष्ट मत आहे की गुंडाळता येणारा स्लिम जिम घ्या. ३०० ओहमच्या पट्टी केबलचा असतो, टू मीटरसाठी दीड मीटरच्या आसपास लांब, पडद्याच्या दांडीला दोरीने टांगायचा, बोलून झालं की गुंडाळून ड्रॉवरमध्ये. पत्रा लागत नाही. अट एकच, सरळ उभा लटकवायचा. एफएमवर (या बँडवर आपण बोलतो ती पद्धत) सगळे उभ्या अँटेनाने बोलतात, तुमचा आडवा झाला तर कागदोपत्री २० डीबीपर्यंत (म्हणजे सिग्नल शंभरावा हिस्सा होईपर्यंत) मार बसतो. इलेक्ट्रिशियन वापरतात त्या पीव्हीसी पाईपमध्ये घातला तर गॅलरीत कायमचा उभा करता येतो, पण पाईपमुळे ट्यूनिंग थोडं खाली सरकतं, म्हणून पाईपमध्ये घातल्यावर परत मोजा. आणि केबल जिथे जोडलीय त्याच्या लगेच खाली केबलचे चार-पाच वेढे घालून बांधा किंवा क्लिपवाले फेराइट (केबलवर बसणारे चुंबकीय मणी) लावा, केबलवरून परत येणारा करंट तिथे अडतो.

टेबलावरच ठेवायचे छोट्या तिपाईचे अँटेना मिळतात. हँडीला लावून ५ वॅटवर सोसायटीतल्या सोसायटीत बोलायला ठीक, पण २५-५० वॅटच्या सेटला लावून स्वतःच्या डोक्याशेजारी ठेवू नका. मी तरी कुठल्याही माणसापासून दीड-दोन मीटर अंतर सोडते, आणि पलंगाच्या किंवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाच्या भिंतीमागे अँटेना येत नाही ना तेही बघते.

पायरी ४: केबल

मॅग माउंटबरोबर जी बारीक केबल येते ती बऱ्याचदा आरजी-१७४ असते. गाडीच्या दाराच्या फटीतून जायला बारीक लागते म्हणून ती तशी. पाच मीटरमध्ये ती टू मीटरवर दीड-पावणेदोन डीबी आणि सेव्हन्टीवर तीनच्या वर खाते. ३ डीबी म्हणजे अर्धी पॉवर.

आरजी-५८ ची दहा मीटर केबल घेतली तर १४५ वर साधारण २ डीबी जातात, सेटमधून २५ वॅट निघाले तर अँटेनाला १५-१६ पोचतात. त्याच केबलवर ४३५ ला साडेतीन ते चार डीबी, म्हणजे १०-११ वॅटच उरतात, आणि ऐकतानाही तेवढंच नुकसान, जे पॉवर वाढवून भरून निघत नाही. एलएमआर-४०० दहा मीटरला १४५ वर अर्धा डीबी आणि ४३५ वर एकच्या आतबाहेर खाते, पण ती बोटाएवढी जाड आणि ताठ, स्लायडिंगच्या फटीतून जात नाही, छोट्या सेटला लावली तर सेटच मागे ओढला जातो. फ्लॅटसाठी मला एलएमआर-२४० सारखी सहा मिलिमीटरची केबल मधली वाट वाटते, दहा मीटरला १४५ वर १ आणि ४३५ वर पावणेदोन डीबी.

पण केबलचा खरा उपाय म्हणजे ती कमी करणं. सेटचं टेबल हॉलमध्ये आणि अँटेना बेडरूमच्या खिडकीत असेल तर टेबल हलवा! मी टेबल खिडकीजवळ सरकवलं आणि १२ मीटरची केबल ४ मीटरवर आली, एक रुपया न खर्च करता. सेटपासून लांब नेलेला महागडा अँटेना आणि जवळचा साधा अँटेना यात मी डोळे झाकून जवळचा घेईन, फक्त वर सांगितलेलं माणसांपासूनचं अंतर सोडून.

घरात पडलेली डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असते, सेट ५० ओहमचे. नुसतं ऐकायला चालते, बोलायला नवीन माणसाने तिच्या नादी लागू नये.

पायरी ५: कनेक्टर

टेबलावर वापरतो ते मोबाइल सेट बहुतेक एसओ-२३९ सॉकेटचे, त्यांना केबलच्या टोकाला पीएल-२५९ लागतो, काही सेटना एन प्रकारचा. हँडीला एसएमए, आणि तोही दोन प्रकारचा, काही हँडींच्या डोक्यावर पिन असते आणि काहींच्या डोक्यावर भोक, त्यामुळे फोटो काढून दुकानात दाखवा. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर सेटच्या मागचा फोटो आणि केबलचा तुकडा दोन्ही बरोबर घ्या. अडॅप्टरवर अडॅप्टर लावत जाऊ नका, आणि जड केबल अडॅप्टर लावून हँडीच्या डोक्यावर लटकवू नका, हँडीचं सॉकेट तुटतं.

पायरी ६: मोजा, मग बोला

अँटेना न जोडता पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं नाही, हे पहिलं. दुसरं, सुरुवात नेहमी लो पॉवरवर. एसडब्ल्यूआर मीटर टू मीटर आणि सेव्हन्टी दोन्हीला चालणारा हवा, सीबी (२७ मेगाहर्ट्झचा रेडिओ) किंवा एचएफचा मीटर इथे चुकीचं दाखवतो. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) मिळाला तर उत्तम, सेट चालू न करताच सगळा आलेख दिसतो.

१.५ एसडब्ल्यूआरला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे १.५ च्या खाली आलात की थांबा, १.१ साठी रविवार घालवू नका. १४४, १४५, १४६ तिन्हीकडे मोजा. १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त दिसलं तर काडी लांब आहे, उलट दिसलं तर आखूड आहे. कापताना दोन-तीन मिलिमीटरच कापा, कापलेलं परत जोडता येत नाही.

एक फसवणूक लक्षात ठेवा: लांब आणि खराब केबल असेल तर एसडब्ल्यूआर छान दिसतो, कारण परत येणारी पॉवरही वाटेत केबलच खाऊन टाकते. म्हणून मीटरवर १.२ आणि समोरचा म्हणतो ऐकू येत नाही, असं झालं तर आधी केबल तपासा. खरी परीक्षा पहिल्या पायरीतल्याच माणसाबरोबर, त्याच खिडकीतून. कुणी भेटत नसेल तर आकाशवाटेने जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आहेच, त्याचं १४५.८०० वर आवाजाचं आणि १४५.८२५ वर पॅकेटचं (डेटाचं) प्रसारण चालू असेल तेव्हा, ते आपल्या खिडकीच्या बाजूने वर आलं की साध्या पाव लांबीच्या काडीवरही ऐकू येतं. मला पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना खिडकीत बोलावलं होतं.

ऐकण्यात सतत घरघर असेल तर घरातले दिवे एकेक करून बंद करा. एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर, राउटरचा अडॅप्टर. माझ्याकडे शू-रॅकमधल्या एलईडी पट्टीचा अडॅप्टर निघाला, तो बदलला आणि आवाज गेला.

पायरी ७: बांधा

खिडकीबाहेर एक सेंटीमीटर जरी जाणार असेल तरी ब्रॅकेट सोडून दुसरा स्वतंत्र आधार हवाच. मी काडीच्या बुडाला स्टीलची बारीक वायर बांधून आत ग्रिलला अडकवलीय. खाली मुलं खेळतात, सातव्या मजल्यावरून पडलेली अर्ध्या किलोची वस्तू काय करेल याचा विचार करा. आणि सेक्रेटरींना आधी भेटा, फोटो दाखवा, लायसन्सची झेरॉक्स द्या, हा मोबाइलचा टॉवर नाही आणि २६ जुलैसारख्या दिवशी फोन बंद पडले तरी याच्यावरून बोलता येतं हे सांगा. आमच्या सेक्रेटरींनी गच्ची दिली नाही पण खिडकीला लगेच हो म्हणाले.

पावसाळा

केबल आत येण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकतं, केबलवरून घरात येत नाही. बाहेरच्या कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर नेहमीची काळी टेप. नुसती काळी टेप आपल्याकडच्या उन्हात मे महिन्यातच सुटते. विजा सुरू झाल्या की सेट बंद करून पुरत नाही, केबल सेटच्या मागून काढून बाजूला ठेवायची, आणि मी तर रात्री झोपताना जून ते ऑक्टोबर रोजच काढते.

खाडीजवळ राहणाऱ्यांनी, वाशी, ऐरोली, कोलशेत, बाळकूम, दर सहा महिन्यांनी टेप काढून कनेक्टर उघडून बघा. आत हिरवट पूड दिसली तर घासत बसू नका, टोक दोन इंच कापून नवीन कनेक्टर लावा, आणि त्यासाठी केबल विकत घेतानाच अर्धा मीटर जास्त घेऊन ठेवा.